‘चंचल’ लिहिण्याआधी

भावा, कथा वाचली. हात चांगला आहे. पण दोन पानांत ‘चंचल’ पाच वेळा आलाय, आणि पाचही वेळा अर्थ वेगळा.

आधी एवढंच बघ. ‘चंचल’ म्हणजे स्थिर न राहणारा. त्यात दोष असतोच असं नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी पाण्यात हलणारं दिव्यांचं प्रतिबिंब चंचल, लहान पोराची नजरही चंचल. आज तालीम, उद्या क्रिकेट, परवा गिटार असं करणारा तुझा नायक मात्र धरसोड्या. मर्जी फिरली की माणसं तोडणारा मालक लहरी. आणि प्रेमात शब्द फिरवणारीला तू चंचल म्हणतोस, तिथं तर सरळ ‘बेइमान’ पाहिजे! चंचल म्हटलं की तिचा गुन्हा हलका होतो.

जुन्या साहित्यात हा शब्द मुख्यतः मनाला आणि लक्ष्मीला चिकटलेला. गीतेच्या 6व्या अध्यायात (श्लोक 34) अर्जुन मनालाच चंचल म्हणतो. ‘चंचला’ म्हणजे लक्ष्मी, तशीच वीजही. अंबाबाईच्या गावात राहून हे ठाऊक नसेल तर अवघड आहे बाबा.

नेहमीच्या चुका दोनच:
- ‘चांचल्यता’ लिहू नकोस. चांचल्य किंवा चंचलता. कॉलेजात माझ्या निबंधावर याच शब्दाभोवती लाल गोल पडला होता.
- बाईच्या वर्णनात सवयीनं ‘चंचल’ टाकू नकोस. फार झिजलंय ते.

संतांच्या ओव्यांतला ‘चंचळ’ आत्ता राहू दे. पहिल्यांदा ते पाच ‘चंचल’ खोडून पाठव.