मेष लग्न आणि मकर रास असताना शनी मीनेत आल्याने साडेसाती सुरू होते का?

नाही, साडेसाती जन्मरास, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असतो ती रास धरून मोजतात, आणि मकर राशीची साडेसाती 29 मार्च 2025 रोजी शनीने कुंभ सोडली तेव्हाच संपली. साडेसाती बाराव्या शनीपासून सुरू होते आणि मीन ही मेष लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या राशीपासून, बारावी येते, त्यामुळे हा गोंधळ वारंवार होतो. परंतु सर्व लग्नांमध्ये चंद्रलग्नच, म्हणजे जन्मरास हेच लग्न धरणे, गोचरासाठी (ग्रहांचे चालू भ्रमण पाहण्यासाठी) प्रधान, असे मंत्रेश्वराच्या फलदीपिका या ज्योतिषग्रंथातील गोचराच्या अध्यायात आरंभीच सांगितले आहे. चंद्रापासून मोजल्यास मीनेतील शनी तुम्हाला तिसरा आहे, आणि तिसरा, सहावा व अकरावा शनी शुभ मानला जातो. लग्नावरूनही गोचर जरूर पाहावे, मात्र त्याला साडेसाती म्हणू नये, कारण नुसत्या त्या शब्दाने माणसे विनाकारण धास्तावतात. एक मर्यादा लक्षात ठेवावी: तिसऱ्या शनीला चंद्रापासून बाराव्या स्थानाचा वेध, म्हणजे तिथल्या ग्रहाचा अडथळा, असतो, त्यामुळे मंगळासारखा ग्रह धनु राशीत असेल तेवढा काळ हे शुभफल अडते, रवीचा वेध मात्र शनीला मानत नाहीत.