सर्टिफिकेट नंतर, आधी इतिहास

मुलुंड, मुंबई

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद. ऐरोलीतल्या कंपनीच्या एसओसीमध्ये, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, निवड झाल्याचं वाचून मनापासून आनंद झाला. पहिलं सर्टिफिकेट कुठलं करू, असं तू विचारलंयस. कंपनी ज्याची फी भरेल ते कर. पण त्याआधी एक महिना आपल्या क्षेत्राचा, म्हणजे सायबर सुरक्षेचा, इतिहास वाचायला दे. तुझ्या स्क्रीनवर रात्रभर अलर्ट येत राहतील, आणि त्यामागचा जवळजवळ प्रत्येक नियम कुणाचं तरी नुकसान झाल्यावर लिहिला गेलाय. ते नुकसान काय होतं हे ज्याला ठाऊक असतं, तो ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (खोटा इशारा) म्हणून अलर्टचं टिकिट बंद करताना थांबून बघतो.

सुरुवात पासवर्डपासून कर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची यंत्रणा होती. संगणक एकच, वापरणारे अनेक, म्हणून फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने प्रत्येकाला पासवर्ड दिला. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये, जसेच्या तसे. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकावर मिळणारा वेळ पुरत नव्हता, तर त्याने १९६२ मध्ये ती अख्खी फाइलच छापून घेतली. पुढे आणखी विलक्षण घडलं. एक जण पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा लॉगिन केल्यावर दिसणारा रोजचा निरोप लिहीत होता, आणि एडिटर दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता. दोन्हींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो लॉगिन करेल त्याला निरोपाच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. इथे कुणी हल्लेखोर नव्हताच. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, कारण या क्षेत्रात आलेला माणूस आधी चोर शोधायला जातो आणि रचनेकडे बघायचं राहून जातं.

पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, त्यात सॉल्ट (प्रत्येकासाठी वेगळी, कशीही निवडलेली अक्षरं) मिसळून हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलगडत नाही असं सांकेतिक रूप) तेवढा ठेवायचा, ही पद्धत बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९च्या एका निबंधात नीट मांडली. तो निबंध मिळवून वाच, आजही ताजा वाटतो. याच मॉरिस यांचा मुलगा, कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस. त्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत मशीनामशीनांत पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. वडील तेव्हा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेलचा उघडा राहिलेला डीबग मोड (चाचणीची सोय), वापरणाऱ्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेत न तपासलेली इनपुटची लांबी, सोपे पासवर्ड आणि एका मशीनचा दुसऱ्यावरचा आंधळा विश्वास, एवढ्या वाटांनी तो पसरला. मशीनवर आधीच प्रत असेल तर नव्या प्रतीने थांबायचं, अशी सोय त्यात होती. पण ॲडमिन खोटंच ‘आहे’ म्हणतील या शंकेने त्याने सातातून एकदा तरीही घुसायचं असं लिहिलं, आणि त्या एका आकड्यापायी मशीनं गुदमरली. ६,००० मशीनं बंद पडली असं तू सगळीकडे वाचशील. तो आकडा मोजलेला नाही. जोडलेली मशीनं सुमारे ६०,०००, त्यातली दहा टक्के धरली, एवढाच हिशेब होता. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची सवय इथूनच लावून घे. त्याच महिन्यात कार्नेगी मेलनमध्ये पहिलं सीईआरटी, म्हणजे अशा घटना हाताळणारं पथक, उभं राहिलं.

आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २०००पासून लागू झाला आणि २००४ मध्ये आपलं सरकारी सीईआरटी, म्हणजे सर्ट-इन, आलं. त्यांच्या एप्रिल २०२२च्या आदेशातल्या दोन गोष्टी मात्र पाठ कर: घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे.

नाइट शिफ्ट मिळाली म्हणून तू नाराज दिसतोस. त्यावर जरा सविस्तर लिहितो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून चोरांनी पैसे काढायला गुरुवारची रात्र निवडली. ढाक्यात शुक्रवारी सुट्टी, मग बँकेचं खातं जिथे होतं त्या न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार, आणि पैसे जिथे जायचे त्या मनिलात सोमवारी चांद्र नववर्षाची सुट्टी. मागणी जवळपास एक अब्ज डॉलरची होती, त्यातले ८.१ कोटी डॉलर मनिलातल्या खात्यांपर्यंत पोचले. बँका एकमेकींना पैशांचे आदेश ज्यावरून पाठवतात त्या स्विफ्टचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर त्यांनी आधीच निकामी केला होता. शुक्रवारी तो बंद दिसला, तेव्हा नेहमीचाच बिघाड असेल असं कर्मचाऱ्यांना वाटलं. पुण्यात कॉसमॉस बँकेवरचा हल्ला झाला ११ ऑगस्ट २०१८ला. कॅलेंडर काढून बघ, तो दुसरा शनिवार होता. एटीएमचे व्यवहार मंजूर करणारा स्विच बाजूला सारून चोरांचा खोटा स्विच सगळ्याला होकार देत राहिला, २८ देशांतून पैसे काढले गेले, आणि सोमवारच्या स्विफ्ट व्यवहारासह सुमारे ९४ कोटी रुपये गेले. म्हणून सुट्टीच्या रात्री बंद पडलेला प्रिंटर, गप्प झालेला सर्व्हर, अचानक थांबलेले लॉग यांच्याकडे जास्त बारकाईने बघ. येणाऱ्या अलर्टइतकंच न येणाऱ्या अलर्टवर लक्ष हवं.

न्हावा शेवा बंदर तर तुझ्या खाडीच्याच काठाचं. २७ जून २०१७ रोजी तिथलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. हल्ला मुळात युक्रेनवर होता. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम घुसला आणि त्या देशात कामकाज असलेल्या कंपन्यांच्या नेटवर्कमधून जगभर गेला. ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण तो मशीनच्या मेमरीतून लॉगिनची माहितीही उचलत होता, त्यामुळे एक पॅच न केलेलं मशीन सापडलं की शेजारची पॅच केलेलीही जात. दिसायला खंडणी, पण पैसे भरूनही फायली परत मिळायची सोयच नव्हती. मर्स्कने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. हे जमलं कशामुळे? त्यांचे सगळे डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमध्ये कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सर्व्हर) पुसले गेले होते, फक्त घानातला एक त्या वेळी वीज गेल्यामुळे नेटवर्कबाहेर होता म्हणून वाचला. एवढ्या मोठ्या कंपनीचं नशीब एका वीज जाण्यावर टिकलं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

१२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस तुलाही आठवत असेल. नंतर राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कँटीनमध्ये यावर ठाम मत देणारे खूप भेटतील. पुरावा हातात नसताना तू कुणाचं नाव घेऊ नकोस, रिपोर्टमध्ये तर मुळीच नाही.

यंत्रं घट्ट होत गेली तशी चोरी माणसाकडे सरकली. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये दुसरी पडताळणी सक्तीची केली, तर चोर ओटीपीच मागू लागले. आता ‘डिजिटल अरेस्ट’: पोलीस किंवा सीबीआय असल्याची बतावणी करून माणसाला फोनवरच अडकवायचं आणि पैसे उकळायचे. आमच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका एफडी मोडायला बँकेत गेल्या, कानात इअरफोन, तोंडातून शब्द नाही. काउंटरवरच्या मुलीने एका चिठ्ठीवर ‘फोनवर कोण आहे?’ असं लिहून ती पुढे सरकवली. काकूंनी थरथरत्या हाताने खाली लिहिलं, ‘सीबीआय’. मुलीने फोन बंद करायला लावला, मॅनेजरला बोलावलं, आणि पैसे वाचले. त्या मुलीकडे आपल्या क्षेत्रातलं एकही सर्टिफिकेट नसेल, पण तिने केलेलं काम आपलंच आहे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना १९३० हा सायबर फसवणूक कळवायचा नंबर पाठ करून घे. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत फोन लागला तरच ते गोठवता येतात, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू देऊ नकोस.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सीनियरना एवढंच विचार: बॅकअपवरून सगळी यंत्रणा प्रत्यक्ष उभी करून शेवटची कधी पाहिली? बॅकअप रोज होतो, असं उत्तर मिळालं तर तारीख विचार. मिळाली की मला कळव, मग पुढचं वाचन सांगतो.

तुझा,
काका