लाल पेनाची वही

ताई, सप्रेम नमस्कार. मी डिचोलीची, वय ३३. पणजीत एका खासगी ऑफिसात अकाउंट्सला आहे. हे इथल्याच औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगा पहिलीत. घर सासऱ्यांच्या वेळचं, कौलारू. स्वयंपाकघराच्या बाजूचे वासे वाळवीने खाल्लेत. पावसापूर्वी शाकारणी करायची म्हणून ह्यांनी जानेवारीपासून खर्चाची वही घातलीय. घरखर्च काळ्या पेनाने, वायफळ खर्च लाल पेनाने. रविवारी रात्री जेवणं झाली की वाचन. माझा सकाळचा चहा-भाजीपाव लाल, पार्लर लाल. ह्यांचं नुस्तं, म्हणजे मासळी, काळं; मित्रांबरोबरचा हुर्राक (काजूची दारू) ‘इतर’ म्हणून तोही काळाच. मी भांडले नाही. भाजीपाव बंद केला, रोजचे ५० रुपये वाचवले, डबा न्यायला लागले. पण आता रात्री सगळे झोपले की मोबाइलवर काहीबाही मागवत बसते. मेसेज काढून बेरीज केली, तीन महिन्यांत ४,६०० झाले. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर घेते. ७०० चा कुर्ता ४०० चा सांगितला, दुसरा बहिणीने दिला म्हणून सांगितलं. गेल्या रविवारी ह्यांना माझ्या बॅगेत पार्सलची पावती सापडली. काही बोलले नाहीत. वहीत लाल पेनाने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. तेव्हापासून झोप नाही. मी खर्चीक आहे का? ही सवय कशी मोडू?

– हिशेबात हुकलेली

अगं हुकलेली,

तुझं पत्र मी वर कापून दिलंय, रागावू नकोस. मूळ पत्र चार पानी आहे आणि त्यातलं जवळजवळ अख्खं एक पान भाजीपावाचं आहे. पावणेआठची बस, पणजीच्या स्टँडवर उतरल्यावर वाचलेली वीस मिनिटं, भिंतीकडचं टेबल, तुम्ही तिघी. एकीची पातळ भाजी, एकीची सुकी, तुझी मिक्स. उंडे (गोल पाव) गरम असले तर दोन, नसले तर एक. मिरची कोणी घ्यायची यावरून रोजची तीच मस्करी. म्हापशाहून येणाऱ्या त्या मैत्रिणीने सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट तीन सकाळी पुरवून पुरवून सांगितली, हेसुद्धा तू लिहिलंयस. वाचता वाचता मलाच भूक लागली.

आणि ४,६०० रुपयांचं काय लिहिलंयस? दोन कुर्ते आणि ‘काहीबाही’. बस.

आता मेसेज न उघडता सांग बघू, त्या काहीबाहीत काय काय होतं? कांदा चिरायचं यंत्र? चार्जरची वायर गुंडाळायचे रंगीत पट्टे? मी कुठला खर्च वायफळ ते असंच तपासते. आठ दिवसांनी आठवत नाही तो वायफळ, मग तो १० रुपयांचा असो की १,००० चा. तुझा भाजीपाव ह्यात पास होतो. नुसता पास कसला, तीन महिने बंद असूनही तुला टेबल कुठलं ते आठवतंय!

बेरीज तूच कर, तुझं रोजचं काम आहे ते. ५० रुपये, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १,१००. तीन महिन्यांचे ३,३००. एवढे वाचवलेस आणि ४,६०० घालवलेस. वर १,३०० ची तूट. घरी लाल पेनवाल्याला वाटतंय बचत चाललीय आणि इकडे गळती सुरू, तीही रात्री अकरानंतर.

हे तुझ्या एकटीचं नाही. कुठलीही आवडीची गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून बंद केली की ती मागच्या दाराने येते, आणि येताना महाग होऊन येते. सकाळची वीस मिनिटं गेली. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी बस, घर, मुलाचा अभ्यास, डब्याची तयारी. दिवसातला एकही तुकडा तुझा उरला नाही, तो तू रात्री मोबाइलमध्ये शोधतेस. तिथे मैत्रिणी नाहीत, म्हणून कुर्ता घेतेस. तेव्हा खर्चीक आहेस का, ह्याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. खोटं मात्र बोललीस. तिकडे वळायच्या आधी नुस्त्याचं बोलते, कारण ते माझ्या मनात कधीचं उकळतंय.

गोव्यात नुस्त्याला कोणी खर्च म्हणत नाही. माझ्या घरीही नाही. बांगड्यांचा वाटा घेतला तर ‘बाजार केला’, इसवण (सुरमई) आणला तर ‘रविवार केला’. तुझ्या नवऱ्याने आणलेल्या एका इसवणाच्या तुकड्यांत तुझे किती भाजीपाव बसतील, हा हिशेब त्याच्या वहीत येणं शक्यच नाही, कारण इसवण सगळे खातात आणि भाजीपाव तू एकटी खातेस. लाल-काळ्याचा नियम खरा एवढाच. चारचौघांचं ते काळं, बायकोचं एकटीचं ते लाल. मग हुर्राक काळा कसा? तो तर घरात आणून वाटत नसेल ना! हा प्रश्न तू रविवारी विचार. पण हसत विचार, आणि तुझी स्वतःची कबुली देऊन झाल्यावर. आधी विचारलास तर त्याला तो बचाव वाटेल.

नुस्तं बंद करा असं मी सांगणार नाही. तसं लिहिलं तर उद्या माझ्याच ताटात नुसता भात येईल. पण पंचांगाने जी सोय करून ठेवलीय ती वापरा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारीबंदी, ट्रॉलर बंद. मग मिळतं ते बर्फातलं नाहीतर राज्याबाहेरून आलेलं, आणि दर ऐकून परत फिरावं असं. आपल्या आज्या ह्या दिवसांत ताजं मिळेल ही आशाच धरायच्या नाहीत. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या. सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, सोलं (आमसुलं), मिरच्या, कांद्याच्या माळी, चिंच, आगरातलं मीठ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला नवऱ्यालाच घेऊन जा आणि वर्षाची सोलं-मिरची एकदम घेऊन ये. पाव-पाव किलोच्या पुड्यांत वर्षभर जाणारे पैसे तिथे वाचतात. जूनचा अर्धा महिना सुक्या सुंगटांचं किसमूर आणि सोलकढीवर काढा, पुढे श्रावण आहेच. इसवणाचे दोन महिन्यांचे पैसे कौलांत जातील. भाजीपावाच्या ५० रुपयांनी वासा येत नाही.

आता नवऱ्याबद्दल. तिसऱ्या पानावर तू एक वाक्य लिहून पुढे गेलीस. सासऱ्यांचे दोन टिप्पर (खनिज वाहायचे ट्रक) होते, खाणी बंद झाल्यावर विकले. मी त्या वाक्यावर थांबले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तुझा नवरा विशीतला असेल. डिचोली-सांखळीकडे ते दिवस मी पाहिलेत. ज्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून स्कूटर घालायला भीती वाटायची, त्या रस्त्यावर ट्रकच नाहीत. ते अंगणात उभे, टायरांभोवती गवत आणि घरात बँकेचं पत्र. पुढे पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. त्या घरात वाढलेल्या मुलाला ५० रुपयांचं काही नसतं गं. त्याला भीती आहे ती कळायच्या आत पैसे संपण्याची. ती वही त्याने तुझ्यावर नजर ठेवायला घातली असेल असं मला वाटत नाही. स्वतःच्या छातीतली धडधड कमी व्हावी म्हणून घातली असेल. लाल पेन तेवढं अतीच झालं.

म्हणून ते प्रश्नचिन्ह तुला बोचतं तसं त्यालाही बोचत असणार. त्याने रक्कम लिहिली नाही, ‘पार्सल’ असंही लिहिलं नाही. विचारायचं होतं आणि विचारता आलं नाही, असं मी ते वाचते.

तर रविवारची वाट बघू नकोस. वाचनाच्या वेळी सांगितलंस तर ते कोर्ट होईल. शनिवारी संध्याकाळी, मुलगा खेळायला गेला आणि सासूबाई देवळात गेल्या की, सोप्यावर बसून सांग. सगळे मेसेज काढून कागदावर उतरव, ४,६०० चा पूर्ण तपशील, आणि कुर्त्याचे खरे ७०० सुद्धा. ‘मी खोटं बोलले, कारण लाल पेनाची लाज वाटायला लागली’ एवढंच बोल. कारणांची माळ लावू नकोस. तो चिडला तर चिडू दे थोडा वेळ, त्याचा तेवढा हक्क आहे.

मग माझ्या बाबांची वही त्याला सांग. फोंड्याला आमचे बाबा शिक्षक होते, पै-पैचा हिशेब ठेवायचे. दूध, पदेर (पाववाला), दळण, रॉकेल, सगळं सुवाच्य अक्षरात. प्रत्येक महिन्याच्या तळाशी एक ओळ असायची, ‘किरकोळ’, पुढे रक्कम. आईने त्या ओळीवर कधी बोट ठेवलं नाही. आईच्या वाटच्या पैशांतून भिशी चालायची, बाबांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. बाबा गेल्यावर आम्ही भावंडांनी त्या वह्या चाळल्या. किरकोळ म्हणजे काय असेल यावर दोन तास वाद घातला, भाऊ म्हणाला विड्या, मी म्हटलं नाटकाची तिकिटं. आई तिथेच बसून शेंगा सोलत होती. तिला माहीत होतं. सांगितलं नाही.

तुमच्या वहीत ती ओळ घाला. दोघांना दरमहा १,००० रुपये, ज्याचे त्याचे. हुर्राक त्यातूनच, पार्लर त्यातूनच, कोणी कोणाला विचारायचं नाही. आठवड्यातून दोन दिवस भाजीपावही त्यातून, महिन्याचे होतात ४०० ते ४५०. कुठले दोन ते तुम्ही तिघी ठरवा. बाकी दिवस डबा, त्यात काही वाईट नाही.

मोबाइलचं सोपं आहे. खरेदीच्या ॲपमध्ये कार्ड साठवलेलं असेल ते काढून टाक, पत्ता घरचा घाल आणि पैसे पार्सल आल्यावर रोख द्यायचे असं कर. दारात पोऱ्या उभा, हातात सुट्टे नाहीत, मागून सासूबाई ‘कितयाचं गो?’ विचारताहेत, हे डोळ्यांसमोर आलं की रात्री अकराला बोट आपोआप मागे येतं. मी स्वतः करून बघितलंय. माझ्या घरी सासूबाई नाहीत, पण शेजारीण आहे, ती पुरते.

शाकारणीचे पैसे महिन्याच्या शेवटी उरले तर, असं ठेवू नका, उरत नाहीत. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी दोघांनी ठरलेली रक्कम आवर्ती ठेवीत टाकायची आणि मग खर्चाला हात. यंदा अख्खं छप्पर होण्याचा हट्ट सोडा. मे उजाडला की गावात सगळ्यांना एकदम सुतार हवा असतो, मजुरी तो सांगेल ती. स्वयंपाकघराची बाजू आता उरकून घ्या, कारण वाळवी थांबणार नाही. पुढची बाजू दिवाळीनंतर, सुतार मोकळे असतात तेव्हा.

एक विसरत होते. पाऊस ओसरता ओसरता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आहे. गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची माटोळी, कपडे, फटाके, पाहुणे, त्या आठवड्यात भल्याभल्यांची वही मिटते आणि नंतर उघडवत नाही. चवथीला किती, हा आकडा आत्ता, पाऊस पडायच्या आधीच दोघांनी मिळून लिहून ठेवा. काळ्या पेनाने.

सासूबाईंना ह्यातलं काही सांगू नकोस. त्या प्रश्नचिन्हाखाली नवऱ्याने काय लिहिलं ते मला मात्र कळव. आणि स्वयंपाकघराची बाजू झाली तरी पहिल्या पावसात एक बादली हाताशी ठेव, नवीन कौलं बसेपर्यंत एखादी सर आत येतेच.

तुझी,
ताई