विकत घेतलेले ई-पुस्तक कोणाचे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. डोळ्यांच्या त्रासामुळे गेली सात वर्षे ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रावर अक्षर मोठे करून वाचतो. दोनशेच्या आसपास ई-पुस्तके पैसे मोजून घेतली असून त्यांत जागोजागी टिपणे केली आहेत. वडिलांचे पुस्तकांचे कपाट जसे माझ्याकडे आले, तसा हा संग्रह मला नातीच्या नावे करता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, करता येणार नाही, आणि हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटते. ई-पुस्तकाचे पैसे भरल्यावर आपल्याला पुस्तक मिळत नाही, ते वाचण्याचा परवाना मिळतो, आणि किंडलच्या अटींनुसार तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. छापील प्रत एकदा विकली की विक्रेत्याचा तिच्यावरचा हक्क संपतो. म्हणूनच तुमच्या वडिलांचे कपाट कोणालाही न विचारता तुमच्या घरी येऊ शकले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने तर अशा डिजिटल वस्तूंसाठी, हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट न सांगता, ‘विकत घ्या’ असे शब्द वापरण्यास विक्रेत्यांना मनाई केली आहे.

हा फरक केवळ कागदोपत्री नाही. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही आवृत्त्या ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या, कारण त्या विक्रीस ठेवणाऱ्याकडे अमेरिकेतील हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. परंतु एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेली टिपणे पुस्तक गेल्यामुळे निरुपयोगी झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा वाचकांची पुस्तके दिसेनाशी झाली. कंपनीने सर्व रक्कम परत केली आणि ज्यांनी टिपणे केली होती त्यांच्या खात्यात आणखी २५ डॉलर जमा केले. त्या २५ डॉलरचा विचार माझ्या मनातून जात नाही. एका मराठी ॲपवरून मी घेतलेली अकरा पुस्तके ते ॲप बंद पडल्यावर अशीच गेली; त्यांतली बहुतेक मी पुन्हा मिळवली, पण आईच्या आजारपणात रात्री जागून वाचताना मी ज्या ओळींखाली रेघा ओढल्या होत्या, त्या कोणत्या हे आता मला आठवत नाही.

याचा अर्थ तुम्ही किंडल सोडावे असा नाही. ॲमेझॉनने १९९५ मध्ये पुस्तकांपासूनच सुरुवात केली, कारण जगात जितकी पुस्तके आहेत तितकी कोणत्याही एका दुकानात मावणे शक्य नव्हते. त्याचा लाभ साताऱ्यात बसून तुम्ही घेत आहात, आणि मोठे अक्षर ही तर तुमच्या दृष्टीने गरजच आहे. मात्र विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली असल्याने, जे आपले आहे ते वेळीच वेगळे काढावे. यापुढे शक्य तिथे प्रत करण्यावर डिजिटल कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकांच्या खुल्या स्वरूपातील) फाइल देणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी करा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे हरि नारायण आपट्यांसारख्या लेखकांच्या साहित्यासाठी पैसे भरण्यापूर्वी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात जरूर पाहा.

तुमची टिपणे मात्र तुमचीच आहेत. किंडल केबलने संगणकाला जोडलात, तर त्यात ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी मजकुराची फाइल सापडेल. यंत्रावर वाचताना रेघ ओढलेली वाक्ये आणि तुमचे शेरे तारखेसह तिथे असतात. ती उतरवून घ्या, छापून तिची वही बांधून घ्या, आणि ज्या दहा-बारा पुस्तकांवर तुमचे सर्वाधिक शेरे असतील, त्यांच्या छापील प्रती त्या वहीसोबत नातीला द्या.