माझे वडील गिरणी कामगार होते. त्यांच्यावर माहितीपट करायचा आहे, पण कॅमेऱ्यासमोर ते बोलतच नाहीत. काय करू?

मी यातून गेलोय, म्हणून लिहितो. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, लोअर परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. त्यांच्यावर मी चाळीस मिनिटांचा माहितीपट केला, पण पहिले दोन महिने हाती काही लागलं नाही.

मी त्यांना खुर्चीवर बसवायचो, कॉलरला माइक लावायचो आणि म्हणायचो, "संपाचं सांगा." मग सुरू. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतला गिरणी संप सुरू, नेते डॉक्टर दत्ता सामंत, अडीच लाख कामगार बाहेर, संप अजून मागे घेतलेला नाही. सगळं खरं, पण त्यात दादा कुठेच नव्हते.

एकदा मी त्यांच्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं. म्हटलं, धागा तुटला की काय करायचात? दोन टोकं बोटांवर आली, अंगठा फिरला आणि गाठ बसली. मला ती दिसलीसुद्धा नाही. मग "धोट्यात असा घ्यायचा" म्हणत त्यांनी ओठ मुडपून श्वास आत ओढला. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा. त्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढायचे, त्याबरोबर कापसाचा तूस छातीत जायचा. त्यांचा खोकला मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्याचं मूळ त्या दिवशी पाहिलं. तेव्हा आधी हातांना काम द्या, तोंड मागाहून बोलतं.

तुमचे वडीलही साचेखात्यातले असतील तर माइकचा आवाज कमी ठेवा. तिथल्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागायचं, नाहीतर हातवारे आणि ओठांवरून समजून घ्यायचं. आमच्या दादांना आता ऐकू कमी येतं, पण ओठ वाचता येतात.

गिरणीची कागदं असलेली पिशवी असेलच घरात. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो, म्हणून लोकांनी गेटपास, फंडाच्या पावत्या जिवापाड जपल्यात. ती पिशवी कॅमेऱ्यासमोरच उघडायला सांगा. एकेका कागदावर आमचे दादा अर्धा अर्धा तास बोलले.

आणि आईला विसरू नका. संपात पगार थांबला तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत घर तिने चालवलं. लिज्जतचं पीठ आणून पापड लाटायची, ताई आठवीतून शाळा सोडून तिच्याबरोबर बसली. आई हे सांगत होती आणि दादा दारात उभे होते. मला वाटलं, त्यांना ऐकू जात नाहीये. ते आईचे ओठ वाचत होते. आई म्हणाली, "एकदा पहाटे हे डबा घेऊन गेटपर्यंत गेले आणि परत आले." दादा आत येऊन तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "गेटवर आपलीच माणसं उभी होती गं. त्यांच्यासमोरून आत कसा जाऊ?" चाळीस वर्षांत हे त्यांनी आम्हा मुलांना कधी सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा हलवला नाही, पुढचा प्रश्नही विचारला नाही. तुम्हीही अशा वेळी विचारू नका.

बाहेर दाखवण्याआधी घरच्यांना दाखवा. ताईने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "माझी शाळा सुटली ते राहू दे, पण तेव्हा दादांचा चेहरा दाखवू नकोस." तिथे मी चाळीची रिकामी गॅलरी ठेवली.