नागपूरच्या इतवारी स्टेशनजवळ मालगाडीवर ताडपत्री झाकलेले छोटे रणगाडे दिसले. ते नेमके काय असतात?

बहुतेक तो रणगाडा नसून बीएमपी-२ ही जवानांना नेणारी चिलखती गाडी असावी. लष्करात तिला 'सारथ' म्हणतात. रणगाड्याचं काम तोफ डागायचं, हिचं काम जवानांना गोळ्यांच्या माऱ्यातून पुढे न्यायचं आणि उतरल्यावर मागून साथ द्यायची. चालवणारे तीन, सोबत सात जवान. वजन साधारण १४ टन, म्हणजे मोठ्या रणगाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणूनच ती पाण्यात तरंगते, साखळ्या फिरवत नदी पार करते. वर ३० मिमीची तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र.

एका प्रदर्शनात मी आत बसून पाहिलंय. पाठीला पाठ लावून बसायचं, गुडघे समोरच्या पत्र्याला टेकतात, डोळ्यासमोर छोटीशी काच आणि बंदुकीची नळी बाहेर काढायला छोटं भोक. मे महिन्यात नुसतं पाच मिनिटं बसलो तर शर्ट ओला झाला. मागचे जाड दरवाजे पोकळ असून त्यात डिझेल भरतात, हे कळल्यावर त्या पोरांबद्दलचा आदर आणखी वाढला. चिलखत रायफलच्या गोळ्या आणि तोफगोळ्याचे तुकडे अडवतं, रणगाड्याचा थेट गोळा मात्र नाही.

गाडी तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनते. पण आपलंही नातं आहे बरं का: हीच वाहनं घेऊन लढणाऱ्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आपल्या कामठीलाच आहे.