सुदानमधल्या कुटुंबांसाठी आमच्या मंडळाने धान्य पाठवावं की पैसे?

पैसेच गोळा करा, धान्य नको. मी न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगचं काम करतो. फायटोसॅनिटरीचा, म्हणजे धान्य कीड-रोगमुक्त असल्याचा, एक कागद राहिला तरी कंटेनर अडकतो, डिमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचा आकार) रोज चढतं आणि तोवर पोत्यांत पोरकिडे. पोर्ट सुदानला माल उतरला तरी पुढे पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतापर्यंतचा, एप्रिल २०२३ पासून युद्धात सापडलेला रस्ता आहेच. शिवाय तिथली माणसं ज्वारी खाणारी, आपल्यासारखीच! ज्वारीचा किसरा (पातळ पोळी) आणि असीदा (घट्ट उकड) हे रोजचं जेवण. इथून पाठवलेल्या बासमतीपेक्षा पैशांतून तिथल्याच जवळच्या बाजारात घेतलेली ज्वारी त्यांच्या पोटात लवकर पोचते. जागतिक अन्न कार्यक्रमाला ऑनलाइन देणगी देता येते. फक्त परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर आयकराची ८०जीची सवलत नाही, आणि मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर आधी सीएला विचारा.